फ्लॅशबल्बचं एक्सपोजर: लाइटमीटरनं मोजायचं की टेपनं?

अंधारखोली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

लीफ शटरचा (लेन्समधल्या पात्यांच्या शटरचा) मीडियम फॉरमॅट कॅमेरा आहे, शटरवर फ्लॅश जुळवायच्या (सिंकच्या) एम आणि एक्स दोन्ही खुणा आहेत. त्याला जोडायला सहा इंची चकचकीत रिफ्लेक्टरची बॅटरी-कपॅसिटर गन मिळाली आणि तिच्यासोबत प्रेस २५ बल्बचं न उघडलेलं खोकं. फिल्म कृष्णधवल, आयएसओ १००.

खोक्यावर गाइड नंबरचा (छिद्राचा आकडा गुणिले अंतर) तक्ता छापलेला आहे, फुटांमध्ये. १/३० ला २०० दिलाय आणि शटर वेगवान होईल तसतसा आकडा खाली येतो. त्या तक्त्यानं चालून पाहिलं. १/३० ला निगेटिव्ह जरा पातळ पण प्रिंट होण्याजोगी येते. १/२५० ला मात्र, तक्त्यात सांगितलंय तेवढं छिद्र उघडूनही, निगेटिव्ह अगदीच पातळ. सावल्यांत काही नाहीच.

प्रश्न असे: माझ्याकडे स्टुडिओ फ्लॅशसाठीचा हातातला फ्लॅशमीटर आहे, त्यानं बल्ब मोजता येतो का? येत नसेल तर या तक्त्यावर कितपत भरवसा ठेवायचा? आणि १/२५० ला नेमकं काय बिघडतंय? बल्ब आता बनत नाहीत, त्यामुळे उगाच जाळायची इच्छा नाही.

---

जुनीकाच

चांगला विषय काढलात. सविस्तर लिहितो, कारण इलेक्ट्रॉनिक फ्लॅशची सवय डोक्यात ठेवून बल्बकडे गेलं की गोंधळ ठरलेला.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा उजेड मिलिसेकंदाच्या आत, बहुतेक वेळा त्याहूनही खूप लवकर, येऊन संपतो. लीफ शटर १/३० वर असो की १/२५० वर, सगळा उजेड फिल्मवर पोचतो. म्हणून तिथे शटरस्पीडचा फ्लॅशच्या एक्सपोजरशी संबंध नसतो. बल्बचं तसं नाही. बल्बात अ‍ॅल्युमिनियमची (पुढच्या काळातल्या लहान बल्बांत झिर्कोनियमची) बारीक तार किंवा वर्ख ऑक्सिजनमध्ये जळतो. जळायला वेळ लागतो. तुमच्या प्रेस २५ सारख्या एम वर्गाच्या बल्बला वीज लागल्यापासून उजेडाच्या शिखरावर पोचायला साधारण २० मिलिसेकंद लागतात, आणि शिखराच्या निम्म्याहून जास्त उजेड साधारण १४ मिलिसेकंद टिकतो. पुढे शेपूट रेंगाळतं.

आता १/२५० म्हणजे ४ मिलिसेकंद. एवढ्या वेळात त्या सगळ्या उजेडाचा जेमतेम पंचवीस-तीस टक्के भाग फिल्मला मिळणार, तोही शटर बरोबर शिखराच्या वेळी उघडलं तर. उजेड पाव झाला की गाइड नंबर निम्मा होतो, कारण गाइड नंबर उजेडाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. तक्त्यात आकडे खाली उतरतात ते यामुळेच.

शटर शिखराच्या वेळी उघडावं म्हणूनच एम सिंक आहे. एमवर आधी विजेचा संपर्क जुळतो, बल्ब पेट घेतो, शटर मात्र १७-२० मिलिसेकंद थांबून मगच पूर्ण उघडतं. एक्सवर शटर पूर्ण उघडतं त्याच क्षणी संपर्क जुळतो. म्हणून एक्सवर बल्ब वापरायचा तर १/३० किंवा त्याहून सावकाश. १/३० म्हणजे ३३ मिलिसेकंद, त्यात शिखर येऊन जातं, थोडं शेपूट सुटतं. १/१५ ला सगळाच उजेड सापडतो.

तुमचा शटरचा खटका एमवरच आहे ना, हे आधी पाहा. असेल तर पुढचं बोलू.

---

सावलीउजेड

गाइड नंबर म्हणजे छिद्राचा आकडा गुणिले अंतर, हे नवीन वाचकांसाठी. ५५ मीटर गाइड नंबर असेल आणि माणूस ५ मीटरवर असेल तर ५५ भागिले ५, म्हणजे एफ ११. अंतर धरायचं ते गनपासून माणसापर्यंतचं, कॅमेऱ्यापासूनचं नाही. गन हातात धरून बाजूला नेली की हा फरक खरोखर जाणवतो.

वीजी हा न्यूयॉर्कचा वृत्तछायाचित्रकार १/२००, एफ १६ आणि दहा फूट असं ठरवूनच बाहेर पडायचा. १६ गुणिले १०, म्हणजे १६० चा गाइड नंबर. अंधारात, गर्दीत, धावपळीत त्याला हिशोब करावा लागत नव्हता, कारण दहा फुटांवर जाऊन उभं राहायचं हे पायांना माहीत होतं. बल्बनं काम करणाऱ्यानं हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. छिद्र अंतराप्रमाणे बदलत बसण्यापेक्षा स्वतःचं एक ठरलेलं अंतर धरावं आणि आपण पुढेमागे व्हावं.

---

अंधारखोली

@जुनीकाच, हो, खटका एमवरच आहे. दोनदा खात्री केली.

@सावलीउजेड, धन्यवाद. फ्लॅशमीटरबद्दल कुणी सांगेल का?

---

सर्किटवाला

मीटरचं मी सांगतो. हातातले बहुतेक फ्लॅशमीटर दोन पद्धतींनी चालतात. बिनतारी पद्धतीत मीटर उजेड अचानक वाढण्याची वाट पाहत बसतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा उजेड एकदम उसळतो, मीटर लगेच ओळखतो. बल्बचा उजेड त्या मानानं हळू चढतो. काही मीटरना तो फ्लॅश वाटतच नाही आणि ते गप्प राहतात, काही उशिरा जागे होतात आणि चढणीचा भाग गाळून मोजतात. दोन्हीकडे बल्ब वाया.

म्हणून तारेची पद्धत वापरा. गनची सिंक केबल कॅमेऱ्याऐवजी मीटरला लावा. बटण दाबलं की मीटरच बल्ब पेटवतो आणि त्याच क्षणापासून, मीटरवर लावलेल्या शटरस्पीडइतका वेळ, उजेडाची बेरीज करतो. इथे नीट लक्ष द्या: संपर्क जुळल्याक्षणी मोजणी सुरू, म्हणजे मीटर एक्स सिंकची नक्कल करतोय. मीटरवर १/३० लावून घेतलेलं माप तुमच्या कॅमेऱ्यावर एक्स, १/३० ला तंतोतंत लागू पडतं. १/१५ चं १/१५ ला.

मीटरवर १/२५० लावाल तर मात्र तो पहिल्या ४ मिलिसेकंदांतला उजेड मोजेल, तेव्हा बल्ब नुकता लाल व्हायला लागलेला असतो. आकडा जवळपास शून्य येईल. एम सिंकचा तो १७-२० मिलिसेकंदांचा थांबा मीटरला माहीत नसतो. म्हणून एमवरच्या वेगवान शटरसाठी साधा मीटर निरुपयोगी आहे, कितीही भारी असला तरी.

आणखी एक. तारेनं जोडूनही मीटर गन पेटवत नसेल तर केबलची धन-ऋण बाजू उलटी असू शकते. जुन्या यांत्रिक शटरला दिशेचा फरक पडत नाही, इलेक्ट्रॉनिक मीटरला पडतो.

---

तांबडादिवा

मीटरनं मोजलं तरी एक बल्ब गेलाच. मग तोच बल्ब फिल्मवर का खर्चू नये? असं माझं मत. मीटर तुमचा डेव्हलपर ओळखत नाही, तुमचं रिफ्लेक्टर किती काळवंडलंय हे त्याला एका बल्बपुरतं कळतं, पण निगेटिव्ह कशी येणार हे कळत नाही.

---

जुनीकाच

@तांबडादिवा, अगदी सहमत. तक्त्यावर किती भरवसा ठेवायचा याचं उत्तरही यातच आहे.

तक्त्यातला आकडा हा ठरावीक व्यासाच्या, नव्या, चकचकीत रिफ्लेक्टरसाठी असतो, आणि मध्यम आकाराच्या, फिक्या भिंतींच्या खोलीसाठी असतो. तुमच्या रिफ्लेक्टरवर ओरखडे असतील, पॉलिश उडालं असेल, तर उजेड कमी. बल्ब रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर बसत नसेल तरी कमी. मोठ्या रिफ्लेक्टरमध्ये अडॅप्टर लावून एम ३ सारखा लहान बल्ब बसवला की हे हमखास होतं, कारण तो आत किंवा बाहेर कुठेतरी भलत्याच जागी बसतो. काही गनवर बल्ब मागेपुढे सरकवायची सोय असते ती यासाठीच. मोकळ्या मैदानात रात्री तर भिंतींचा परतीचा उजेड मिळत नाही, तिथे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट एक्सपोजर) जास्त द्यावा लागतो. लहान पांढऱ्या खोलीत उलट.

म्हणून आपला गाइड नंबर आपण काढावा. आणि तो एका बल्बमध्ये निघतो. कसा ते सांगतो.

ग्रे कार्डं पाच घ्या, किंवा एकाच राखाडी मॅट कागदाचे पाच तुकडे. गनपासून १.४, २, २.८, ४ आणि ५.६ मीटरवर एकेक उभं करा. हे आकडे छिद्राच्या आकड्यांसारखे दिसतात ते उगाच नाही. उजेड अंतराच्या वर्गाप्रमाणे कमी होतो, म्हणून यातलं प्रत्येक कार्ड आधीच्यापेक्षा बरोबर एक स्टॉप काळं पडतं. कार्डं एकमेकांवर सावली पाडणार नाहीत अशी थोडी वरखाली, थोडी डावी-उजवीकडे ठेवा, पण फार बाजूला नेऊ नका. रिफ्लेक्टरचा झोत कडेला मंदावतो, सगळी कार्डं झोताच्या मध्याजवळ हवीत. प्रत्येक कार्डाचं तोंड गनकडे. अंतर टेपनंच मोजा, गनच्या रिफ्लेक्टरपासून.

खोली अंधारी करा. कॅमेरा तिपाईवर, गनच्या शेजारी. छिद्र एफ २२, शटर एक्सवर १/१५, किंवा सरळ बीवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती खूण) उघडं ठेवून गनच्या बटणानं बल्ब पेटवा आणि शटर मिटा. झालं. एका फ्रेममध्ये पाच एक्सपोजर मिळाली. फोकस मधल्या कार्डावर ठेवा; कडा धूसर आल्या तरी घनतेला काही होत नाही.

याच रोलवर आधी दिवसाउजेडी तेच कार्ड साध्या लाइटमीटरनं मोजून तीनदा टिपून ठेवा: बरोबर, एक स्टॉप कमी, एक स्टॉप जास्त. रोल नेहमीसारखाच डेव्हलप करा. मग बल्बच्या फ्रेममधलं कुठलं कार्ड दिवसाच्या "बरोबर" कार्डाइतकं दाट आलंय ते शोधा. समजा २.८ मीटरचं आलं, तर २२ गुणिले २.८, म्हणजे साधारण ६२ मीटर. दोन कार्डांच्या मधे पडलं तर मधलं अंतर धरा.

हा आकडा तुमच्या गनचा, तुमच्या फिल्मचा, तुमच्या डेव्हलपरचा. गनच्या मागे चिकटवून टाका. आयएसओ २०० ला त्याला १.४ नं गुणा, ४०० ला दुप्पट करा.

---

पडदाशटर

जबरदस्त! वाचनखूण साठवली.

घनता मोजायला डेन्सिटोमीटर लागेल ना पण?

---

तांबडादिवा

नाही लागत. मी निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवते आणि काळ्या कागदाला दोन लहान भोकं पाडून एका भोकातून दिवसाचं कार्ड, दुसऱ्यातून बल्बचं कार्ड पाहते. शेजारचा उजेड झाकला की डोळा दोन राखाडी छटांतला फरक फार चांगला पकडतो. एनलार्जर असेल तर दोन्ही फ्रेम एकाच वेळात, एकाच उंचीवर प्रिंट करा आणि कागदावरचे राखाडी शेजारी ठेवा. वाळल्यावर बघा, ओल्या कागदावर फसगत होते.

---

रंगीतफिल्म

डिजिटल कॅमेरा मीटरसारखा वापरला तर? अंधाऱ्या खोलीत एक सेकंदाचं एक्सपोजर, मधेच गनचं बटण, आणि हिस्टोग्राम.

---

जुनीकाच

चालतं. कार्डांची रांग तशीच ठेवा, फिल्म कॅमेऱ्याच्या शेजारीच डिजिटल ठेवा, दोन्हींची शटरं उघडी आणि बल्ब एकच. लगेच अंदाज मिळतो आणि फिल्मवरही पुरावा राहतो. फक्त दोन गोष्टी. डिजिटल कॅमेऱ्याला गनची तार जोडू नका, गन वेगळीच पेटवा. आणि रॉ फाइल पाहा, कॅमेऱ्यानं उजळवलेली जेपेग नको.

---

सर्किटवाला

@अंधारखोली, आता तुमच्या १/२५० कडे येतो, कारण तक्ता चुकीचा असता तर १/३० लाही निगेटिव्ह तितकीच पातळ आली असती. तुमच्याकडे फक्त वेगवान शटरला जास्त बिघडतंय. म्हणजे बल्बचं शिखर आणि शटरची खिडकी एकमेकांना चुकवतायत. याला दोनच कारणं: शटर लवकर उघडतंय, किंवा बल्ब उशिरा पेटतोय.

शटर तपासायला बल्ब लागत नाही. कॉम्प्युटरच्या साउंडकार्डाला दोन चॅनेल असतात. एका चॅनेलला फोटोडायोड जोडा आणि तो कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून फिल्मच्या जागी ठेवा. दुसऱ्या चॅनेलला सिंक सॉकेट जोडा, मधे एक लहान सेल आणि रेझिस्टर, म्हणजे संपर्क जुळला की चॅनेलवर उडी दिसेल. सेलचा दाब रेझिस्टर लावून बराच उतरवा, नाहीतर साउंडकार्डाचं इनपुट जाईल. लेन्ससमोर टॉर्च धरा. एलईडी टॉर्च मंद केलेली असेल तर लुकलुकते, म्हणून पूर्ण उजेडावर ठेवा. आवाज नोंदवायच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा आणि शटर दाबा.

आलेखावर दुसऱ्या चॅनेलवर संपर्काची उडी, आणि काही अंतरानं पहिल्यावर शटरचा उंचवटा. दोन्हींमधलं अंतर मिलिसेकंदांत मोजा. एमवर संपर्कापासून शटर पूर्ण उघडेपर्यंत १७ च्या आसपास आलं तर शटर निर्दोष. एक्सवर जवळजवळ शून्य यायला हवं. जुन्या शटरमध्ये एमचा थांबा देणारी चाकांची माळ तेल घट्ट झाल्यानं रेंगाळते, ती अडकूनही राहते. बऱ्याच शटरमध्ये एम आणि सेल्फ-टायमर यांचा खटका एकच असतो, म्हणून जोर लावून हलवू नका.

शटर ठीक निघालं तर गनकडे वळा. बॅटरी-कपॅसिटर गनमध्ये २२.५ व्होल्टची बॅटरी रेझिस्टरमधून कपॅसिटर भरते, आणि तो कपॅसिटर बल्बात रिकामा होतो. कपॅसिटर जुना होऊन गळायला लागला की पूर्ण भरतच नाही. बल्ब तरीही पेटतो, म्हणून माणूस निर्धास्त राहतो, पण कमी जोरावर तार तापायला वेळ लागतो आणि बल्ब काही मिलिसेकंद उशिरा पेटतो. १/३० ला कळतही नाही. १/२५० ला खिडकी बंद झाल्यावर शिखर येतं.

बल्ब न लावता... थांबा, काही गनमध्ये बल्ब बसवल्याशिवाय चार्जिंगचं वर्तुळच पूर्ण होत नाही. तुमची तशी असेल तर कपॅसिटरचं एक टोक सोडवून वेगळा तपासा. एरवी चार्ज व्हायला अर्धा मिनिट द्या आणि मल्टिमीटरनं कपॅसिटरच्या दोन टोकांचा दाब मोजा.

---

रंगीतफिल्म

+१. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून यायला हवा.

रंगाबद्दल थोडं. पारदर्शक बल्बचा उजेड साधारण ३८०० केल्विन, पिवळसर. डेलाइट रंगीत फिल्मवर वापरायचा तर ८०सी फिल्टर लागतो, नाहीतर माणसं पिवळी येतात. निळ्या लाखेचे बल्ब (नावापुढे बी असतो: २५बी, ५बी, एजी-१बी) डेलाइट फिल्मसाठीच बनलेले. पण निळी लाख उजेड खाते, जवळपास एक स्टॉप. म्हणजे निळ्या बल्बचा गाइड नंबर पारदर्शकाच्या ०.७ पट धरावा. कृष्णधवलला पारदर्शकच बरा.

---

पडदाशटर

माझा प्रश्न जरा वेगळा. माझ्याकडे कापडी फोकल प्लेन शटरचा ३५ एमएम कॅमेरा आहे, एफपी आणि एक्स असे दोन सॉकेट आहेत. एम वर्गाचा बल्ब एफपीला लावून १/२५० वापरता येईल का?

---

जुनीकाच

नाही. तुमच्या शटरमध्ये १/२५० ला फिल्म एकाच वेळी पूर्ण उघडी नसतेच, एक अरुंद फट फिल्मवरून सरकत जाते. आडव्या कापडी शटरमध्ये ती फट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला १५-२० मिलिसेकंद घेते. एवढा सगळा वेळ बल्बचा उजेड सपाट हवा. एम बल्बचा उजेड चढतो आणि उतरतो, म्हणून फ्रेमची मधली पट्टी दाट आणि एक किंवा दोन्ही कडा पातळ येतात. एफपी वर्गाचे बल्ब याच कामासाठी होते: लवकर चढतात आणि वर पोचल्यावर बराच वेळ सपाट जळतात.

एफपी बल्ब मिळाले तर हिशोब उलट सोपा होतो. उजेड फटीपुरता सतत असल्यामुळे तो सूर्यासारखाच वागतो. शटर एक स्टॉप वेगवान केलं की गाइड नंबर ०.७ पट, दोन स्टॉप केलं की निम्मा.

नुसते एम बल्ब असतील तर एक्स सॉकेट आणि १/३० किंवा त्याहून सावकाश. संपला विषय.

---

सावलीउजेड

उन्हात सावल्या भरायला बल्ब वापरणाऱ्यांसाठी.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला शटर बदललं की फक्त उन्हाचं एक्सपोजर बदलतं. बल्बला दोन्ही बदलतात, म्हणून आधी शटर ठरवायचं आणि त्याच शटरचा गाइड नंबर घ्यायचा. धरा, लीफ शटर, एम सिंक, १/१२५, आयएसओ १००, कडक ऊन, एफ १६. त्या शटरला गाइड नंबर ४० मीटर आहे. ४० भागिले १६, म्हणजे २.५ मीटरवर बल्ब उन्हाइतकाच पडेल. चेहरा सपाट दिसेल, कुणालाही कळेल की फ्लॅश मारलाय. गन ३.५ मीटरवर नेली की बल्ब एक स्टॉप खाली, ५ मीटरवर दोन स्टॉप. मला चेहऱ्यासाठी एक आणि दोनच्या मधलं आवडतं. मागे सरकायला जागा नसेल तर रिफ्लेक्टरवर पांढऱ्या रुमालाचा एक पदर घाला, साधारण एक स्टॉप उतरतो. वृत्तपत्रवाले पूर्वी हेच करायचे.

---

रेल्वेरूळ

अनेक बल्बांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दोन सारखे बल्ब, सारख्या रिफ्लेक्टरमध्ये, शेजारी शेजारी ठेवून एकाच वेळी पेटवले तर उजेड दुप्पट, गाइड नंबर १.४ पट. चार बल्बांना दुप्पट. पण दिवे वेगवेगळ्या जागी ठेवून वेगवेगळा भाग उजळायचा असेल तर बेरीज करू नका. प्रत्येक दिव्याचं त्याच्या विषयापासूनचं अंतर धरून, सगळ्यांना एकच छिद्र लागेल अशी अंतरं ठरवा.

ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं रात्री टिपली ती अशीच. इंजिन काळं, आभाळ काळं, वाफ पांढरी. गाडी एकदाच जाणार. रात्र का निवडली, तर सूर्य हलवता येत नाही आणि बल्ब हवा तिथे ठेवता येतो, हे त्यांचंच म्हणणं. रात्रीमुळे बाहेरचा उजेड हिशोबातच उरला नाही. सगळं एक्सपोजर अंतरावर आणि बल्बावर, आणि ते दिवसाउजेडी टेप घेऊन आधी ठरवता येत होतं. तारा ते एकसरीत जोडत, म्हणजे एक बल्ब जरी निकामी असला तरी एकही पेटणार नाही. अर्धवट उजळलेली फ्रेम आणि जळून गेलेले बल्ब, दोन्ही वाचले. अशा कामात गाइड नंबर किती नेमका माहीत हवा याची कल्पना करा.

---

तांबडादिवा

हे आधीच लिहायला हवं होतं. @अंधारखोली, बल्ब लावण्याआधी प्रत्येकाच्या आतला ठिपका पाहा. बऱ्याच बल्बांत एक निळा ठिपका असतो. तो गुलाबी झाला असेल तर काचेला चीर जाऊन आत हवा शिरलीय. असा बल्ब पेटवला तर फुटू शकतो. काचेवरची लाख सोललेली, तडकलेली असेल तरी नको. रिफ्लेक्टरपुढे पारदर्शक प्लॅस्टिकची ढाल लावा, माणसाच्या चेहऱ्याजवळ पेटवू नका, आणि पेटलेला बल्ब लगेच उघड्या हातानं काढू नका. सुटे बल्ब खिशात टाकून फिरू नका, स्थिर विजेनंही पेटू शकतात.

---

अंधारखोली

सगळ्यांचे मनापासून आभार. जे सांगितलंत ते करून पाहिलं, निकाल लिहितो.

शटर: साउंडकार्डावर एमचा थांबा १७ मिलिसेकंदांच्या अगदी जवळ आला. एक्सही बरोबर. म्हणजे शटर निर्दोष.

गन: बॅटरीचा दाब २२.५, पण कपॅसिटर कितीही वेळ दिला तरी ११ व्होल्टच्या वर जाईना. सर्किटवाला यांनी म्हटलं तेच. नवा १०० मायक्रोफॅरडचा बसवला, आता २२ च्या वर जातो.

कार्डांची रांग: अंधाऱ्या खोलीत एक बल्ब, एफ २२. दिवसाच्या "बरोबर" कार्डाशी जुळणारी घनता २ आणि २.८ मीटरच्या कार्डांमध्ये पडली, २.५ मीटर धरलं. २२ गुणिले २.५, म्हणजे ५५ मीटर, साधारण १८० फूट. खोक्यावर २०० आहे. पाव-एक स्टॉपचा फरक, आणि रिफ्लेक्टरकडे पाहिलं तर मध्यभागी पॉलिश गेलेलं दिसतंय.

कपॅसिटर बदलल्यावर १/२५०, एमवर, गाइड नंबर निम्मा म्हणजे २७ धरून एक फ्रेम घेतली. सावल्यांत तपशील आला. गनच्या मागे चिकटवलेली पट्टी आता अशी: १/३० ला ५५, १/६० ला ५०, १/१२५ ला ४०, १/२५० ला २७. मधले दोन आकडे हिशोबानं काढलेत, फिल्मवर तपासायचे आहेत.

शेवटचा एक प्रश्न. छतावरून उजेड परतवून घ्यायचा तर याच आकड्यांनी चालेल?

---

सर्किटवाला

मधले आकडे पटतात. बॅटरीचं एक: २२.५ व्होल्टची संपली आणि मिळाली नाही तर १२ व्होल्टच्या दोन लहान ए२३ बॅटऱ्या एकसरीत लावा, २४ होतात. मात्र नव्या कपॅसिटरवर ३५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असल्याची खात्री करून घ्या.

---

जुनीकाच

छतासाठी: गनपासून छतापर्यंत आणि छतापासून माणसापर्यंत असं सगळं अंतर धरा, त्यावरून छिद्र काढा आणि वर दोन स्टॉप उघडा. तुमच्या आकड्यांनी, समजा वर जायला दीड मीटर आणि खाली यायला दोन, एकूण साडेतीन. ५५ भागिले ३.५, जवळपास एफ १६. दोन स्टॉप उघडून एफ ८. ही सुरुवात; छत किती पांढरं, किती उंच यावर अर्धा-एक स्टॉप इकडेतिकडे होणारच. तुम्ही जिथे काम करणार त्या खोलीत एक बल्ब यासाठी खर्च करा, आणि या वेळी कार्ड एकच पुरे, माणूस बसणार त्या जागी. त्याच बल्बवर दोन-तीन कॅमेरे बीवर ठेवून एफ ५.६, ८ आणि ११ अशी वेगवेगळी छिद्रं लावलीत तर दुसरा बल्ब लागणार नाही.